अर्ध्या तळ्याचे सतरा दिवस

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर हातात पाटी नव्हती, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण जोह्याच्या तळ्यात आम्ही बायका कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होतो आणि जलपर्णी संपत नव्हती, ते लिहून ठेवावंसं वाटतं.

तळं आमच्या बचतगटाने भाड्याने घेतलं होतं. बँकेचं कर्ज काढून रोहू-कटला माशांचं बीज सोडलं होतं. बीज म्हणजे बोटाएवढी पिल्लं. शिमग्यापर्यंत ती विकण्याजोगी व्हायची. ती जगली नाहीत तर कर्ज आमच्या अंगावर. सकाळी कोंडा-पेंड टाकायचं काम माझ्याकडे. धुक्यात पाणी दिसायचं नाही, नुसता माशांच्या तोंडांचा बारीक आवाज यायचा. तिथे कुणाशी बोलावं लागत नसे, म्हणून मला ते काम आवडायचं.

भाद्रपदात माझी जाऊ कौसल्या गौर सजवायला तेरड्याबरोबर कुंडलिका नदीच्या काठची जांभळी फुलं मुळासकट घेऊन आली. आमच्याकडे गौरीचं काही फेकत नाहीत, पाण्यातच सोडतात. गौर बोळवली तशी फुलंही तळ्यात गेली. ती जलपर्णीची निघाली, दिवाळीपर्यंत एक कोपरा हिरवा झाला. वर जांभळे तुरे, खाली पाणी दिसेना. खरं सांगते, फार सुंदर दिसायचं. कोंड्याची पाटी मांडीवर घेऊन मी नुसती बघत बसायची.

"एवढूसं तं हाय गो," कौसल्या म्हणाली. "दोन म्हयन्यांत एक कोपरा. तळं भराया वरीस जाईल. तवर मासे इकून आपण मोकळ्या."

तिची सून नीलिमा रोह्याला कॉलेजात गणित शिकवते. दिवाळीला आली होती. ती म्हणाली, "आई, आधी मोजूया." आम्ही खाटेच्या मापाने मोजलं, एक खाट मावेल एवढी जागा म्हणजे एक. अख्खं तळं आठशे खाटांचं. जलपर्णी वीस खाटा. दहा दिवसांनी ती परत आली तेव्हा तीस.

"म्हंजे रोज एक खाट," कौसल्या म्हणाली.

"नाही आई. जेवढी आहे तेवढ्याच्या मानाने वाढते. रोपाला पिल्लं, त्या पिल्लांना पिल्लं."

तिने कॅल्क्युलेटर काढला आणि मला एक बटण दाखवलं. "काकी, याला नॅचरल लॉग म्हणतात. इतक्या दिवसांत किती वाढेल, हे सगळे विचारतात. लॉग उलटं विचारतो, इतकं वाढायला दिवस किती लागतील? जे घडीघडीला वाढत राहतं, त्याला हा बरा."

तीस भागिले वीस, दीड. दीडचा लॉग ०.४०५. त्याला दहाने भागून रोजची वाढ ०.०४०५. मग आठशे भागिले तीस, त्याचा लॉग ३.२८. त्याला रोजच्या वाढीने भागलं. एक्क्याऐंशी दिवस.

म्हणजे माघातच तळं झाकलं जाणार होतं आणि शिमगा त्याच्या पुढे. झाकलेल्या पाण्यात हवा शिरत नाही, मासे गुदमरतात.

"सूनबाई, तुजा गणित रोह्यालाच ठेव," कौसल्या हसली. पण लुगडं खोचून पहिली पाण्यात तीच उतरली. दिवसभर ओढून आम्ही पंधरा खाटा काठावर काढल्या. मुळांतून पाणी निथळत होतं, तुरे अजून ताजे होते.

"झाला! अर्धा काम फत्ते," कौसल्या म्हणाली.

नीलिमाने दोनाचा लॉग काढला, ०.६९३. तो रोजच्या वाढीने भागला. "आई, अर्धी काढून आपल्याला सतराच दिवस मिळाले. सतरा दिवसांत ती परत दुप्पट."

मग माझ्याच तोंडातून निघालं, "आनि एकच खाट उरली तर?"

तिने बटणं दाबली. "एकशे पासष्ट दिवस. शिमगा पार होतो, काकी!"

"बग, मुकी बोलली," कौसल्या म्हणाली. माझे कान तापले.

उरलेली काढायला चार दिवस लागले. शेवटची रोपं पाण्यात हात घालून चाचपडत वेचली. पुढे दर आठवड्याला आम्ही उतरायचो आणि दिसेल ते रोप उपटायचो. कौसल्या एकेकाला शिवी देऊन काठावर टाकायची. जे आपोआप वाढतं ते अर्धं काढून अर्धं काम होत नाही, एवढं मी शिकले. कॅल्क्युलेटर मला अजून वापरता येत नाही.

शिमग्याआधी जाळं टाकलं. मासे पेणच्या बाजारात गेले. तिथून आम्ही तशाच, ओल्या पदरांनी, बँकेत गेलो आणि कर्ज व्याजासकट पुरतं फेडलं.