पाहुणेकाकांची फेरी

पाहुणेकाका परगावाहून आलेल्या माणसाला भिवंडीतलं सगळ्यात वाईट ते आधी दाखवायचे. खड्डे, धूळ, नाक्यावरची ट्रकांची रांग, नाल्याचा काठ, हे सगळं सकाळीच, घोटभर चहासुद्धा न पाजता. भिवंडी बघायला येतं कोण, असं तुम्ही म्हणाल. हौसेनं कोणी येत नाही हे खरंच. पण इथल्या मुलांची लग्नं व्हायची असतात आणि मुलगी द्यायची म्हटलं की बाप गाव बघायला येतोच. त्या बापांना दिवसभर हिंडवून आणायचं काम भिवंडीतल्या आमच्या टेमघर भागात काकांकडे होतं. म्हणून ते पाहुणेकाका. त्यांचं खरं नाव मी लग्नानंतर दोन वर्षांनी मतदार यादीत वाचलं, तेव्हा हे कोण, असं सासूबाईंना विचारलं होतं.

काका मूळचे राहनाळचे, आगरी. तीस वर्षं कापडाचा टेम्पो चालवल्यामुळे गावातली गल्ली न् गल्ली पाठ. टेम्पो सोडला आणि जुनी व्हॅन घेतली. ती बहुतेक दुसऱ्यांच्या लग्नांसाठीच झिजली. जमलेल्या लग्नात टोपी-टॉवेलसुद्धा घेत नसत. वाईट आधी का दाखवता, असं विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. “मागून दिसला तं तो पोरीला दिसतो, बापाला न्हाय.”

नाल्यानंतर यंत्रमागाची शेड. लूमची खटखट अशी, की शेजारच्याशी खाणाखुणांनी बोलावं लागतं. तिथे पाहुण्यांना दहा मिनिटं उभं करायचे. बाहेर आल्यावर सगळ्यांच्या कानांत दडे बसलेले असत. तेव्हा सांगायचे की हे रात्रीही चालतं, शुक्रवारी बंद असतं, आणि सवय झाली की त्या शुक्रवारीच झोप येत नाही. एका मुलीचे मामा तिथूनच रिक्षा करून परत गेले. काका म्हणाले, बरं झालं आज गेले, उद्या पोरगी गेली असती. दुपारी त्यांच्या मित्राच्या बेकरीत चहा-खारी आणि मग कुठे गाडी वळ गावाच्या बाजूला निघायची. गोदामांच्या मधून मधून तेव्हा भातशेती शिल्लक होती. सकाळभर धूळ खाल्लेल्या माणसाला हिरवा बांध दिसला की तो पोरगी देऊन टाकायचा. हा काकांचा डाव होता असं मी एकदा म्हटलं, तर महिनाभर रुसले होते.

माझ्या वेळची फेरीही तशीच झाली. वडिलांबरोबर मीही आले होते, सिन्नरहून. वडील एसटीत कंडक्टर होते. माणूस चढला की कुठे उतरणार ते आपण चेहऱ्यावरून ओळखतो, अशी त्यांची समजूत होती. वळच्या बांधावर चप्पल काढून बसले आणि काकांना म्हणाले, “गाव पाहिलं. आता मुलगा कसा आहे ते सांगा.”

सुनील, म्हणजे माझं ज्याच्याशी ठरत होतं तो, जरा लांब उभा होता. काकांच्या शेजारचंच घर त्याचं. काका त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “घर चांगला हाय. सासू गरीब हाय. पोरगी सुखात ऱ्हाईल.”

उत्तर बाजूचं होतं. विचारलं मुलाबद्दल, सांगितलं घराबद्दल. वडिलांच्या कानांतून लूम अजून गेले नसावेत. आणि मी सुनीलकडे बघत होते. तो हसत होता.

लग्नानंतर चौथ्या महिन्यात सुनील बोलता बोलता म्हणाला की पुढच्या आठवड्यात ठाण्याला तपासणीला जायचंय, काकांची गाडी सांगून ठेव. कसली तपासणी, असं मी विचारलं तर तोच गोंधळला. त्याच्या दोन्ही किडन्या लग्नाआधीपासून खराब होत होत्या. घरच्यांना बोलायचा धीर होईना, म्हणून त्यानं ते काम काकांवर सोपवलं होतं. काका वाईट आधी सांगतात, हे अख्ख्या टेमघराला माहीत होतं. “त्यांनी सांगितलं ना तुम्हाला?” असं त्यानं विचारलं. मी काहीच बोलले नाही. ते त्याला हो वाटलं. सगळं ठाऊक असून मी आले, असं तो शेवटपर्यंत समजत होता आणि माझे उपकार मानत होता.

सहा वर्षांनी सुनील गेला. त्यातली शेवटची तीन वर्षं डायलिसिसची. नेणारी-आणणारी गाडी काकांचीच. तो गेला त्या दिवशी मी रडले नाही, आणि पुढेही रडले नाही. वळच्या एका गोदामात पॅकिंगच्या हिशोबाला नोकरी धरली, सासूबाईंचं पथ्यपाणी बघितलं, डबा भरला, ड्युटी केली. मी खंबीर आहे असं लोक म्हणायचे. मला काही वाटतच नव्हतं, त्यात खंबीर कसलं.

काकांनी त्यानंतर पाहुण्यांना फिरवणं बंद केलं. कोणी बोलवायला आलं की गुडघे दुखतात म्हणायचे. पण दर दोन-तीन महिन्यांनी माझ्या सुट्टीच्या दिवशी व्हॅन दारात यायची. “चल बाय, फेरी मारू.” मी चप्पल घालून बसायची. नाका, नाला, शेड, बेकरी, बांध. दिवसभरात दहा वाक्यं होत असतील, तीही रस्त्याबद्दलची. इथे अमक्याचं शेत होतं, तिथे आंब्याचं झाड होतं, असं ते बोट दाखवायचे, आणि त्या जागी निळ्या पत्र्याचं गोदाम असायचं. वडील ज्या बांधावर बसले होते तिथे आता काट्यावर ट्रक तोलतात. दोघंही ते बघायचो आणि परत यायचो. सात वर्षं हे चाललं.

ते कशासाठी नेतात हे मला कळत होतं. मी कशासाठी जाते हे त्यांनाही कळत असावं.

गेल्या थंडीतल्या फेरीत त्यांनी खाडीच्या कडेला गाडी बंद केली. हात स्टिअरिंगवरच होते.

“बाय, सुनीलनं मना बजावला व्हता, त्यांना सगला सांगा. मी न्हाय सांगितला. तुझ्या बापानं विचारला तवा पोर हसत व्हता. तसा हसताना मी त्याला कवा बघितला नव्हता. तोंडातून निघालाच न्हाय. मना माफ करशील का?”

सात वर्षं मी हे ऐकायला जात होते. ऐकलं, आणि आत काही हललं नाही. मुंग्या आलेल्या पायावर कोणी हात ठेवला तर हात दिसतो, पण लागत नाही, तसं झालं. काकांनी खरं सांगितलं असतं तर वडिलांनी मला संध्याकाळच्या एसटीनं परत नेलं असतं. मग ती तीन वर्षं भोगावी लागली नसती. आधीची तीनही मिळाली नसती, आणि ती फार चांगली होती. ही सहा वर्षं मला हवी होती की नको, हे माझं मलाच ठरवता येत नव्हतं. मग माफ कशाचं करायचं?

“काका, ऊन चढलं,” मी म्हणाले. “निघू या.”

त्यांनी मान हलवली आणि किल्ली फिरवली. बेकरीपाशी थांबायचं का, एवढं विचारलं. थांबलो, चहा घेतला, घरी आलो. पुढच्या वेळी सांगू काहीतरी, असं मी मनाशी म्हटलं. तिसऱ्या आठवड्यात काका सकाळी गाडी पुसता पुसता खाली बसले आणि गेले.

मी त्यांच्या घरी पोचले तेव्हा अंगणात बायका होत्या. मी कोरड्या डोळ्यांनी काकींशेजारी बसले. काकींनी माझा हात धरला. “बाय, ते रोज राती बोलायचे, पोरीनं जबाब दिला न्हाय. कसला जबाब गं?”

त्यांचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर होता.

“दिला होता, काकी,” मी म्हणाले. “त्यांना ऐकू गेलं नसेल. मी हो म्हटलं होतं.”

काकी माझ्या खांद्यावर डोकं टेकून मोकळ्या झाल्या. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. ते खोटं तोंडातून इतकं सहज निघालं होतं, की त्या दिवशी बांधावर काकांना काय झालं असेल ते मला तेव्हा कळलं.