पुराच्या सर्व्हरचा वाटा

नदीखात्याच्या कचेरीत त्याला सगळे वाटपराव म्हणत. खरं नाव होतं, पण ते पगारापुरतं. तळमजल्यावरच्या थंडगार खोलीत एक दांडगं यंत्र होतं आणि त्या एकाच यंत्राच्या पोटात कचेरीचे सगळे सर्व्हर नांदत: तक्रारींचा, टपालाचा, नकाशांचा, पुराच्या इशाऱ्याचा. बाहेरून ते वेगवेगळे भासत, पण चूल एकच. यंत्राची मेमरी ठरलेली. त्यातली कुणाला किती द्यायची, हे वाटपराव ठरवायचा. कमी पडली की सर्व्हर धापा टाकतो, जास्त दिली की ती नुसती पडून राहते.

"लेकुरवाळ्या बाईचं काम आहे हे," तो बायकोला सांगायचा. "जो भोकाड पसरेल त्याला आधी वाढायचं."

पुराचा सर्व्हर कधीच भोकाड पसरत नसे. नदीकाठी पाणी मोजणाऱ्या खांबांवरून पातळीचे आकडे येत, तो हिशेब करी आणि वेळ आलीच तर वस्त्यांमधले भोंगे वाजवी. तशी वेळ वर्षानुवर्षं आली नव्हती. त्याच्या वाट्याची मेमरी बहुतेक कोरीच पडलेली असे.

त्या उन्हाळ्यात तक्रारींचा सर्व्हर रडकुंडीला आला. खिडकीबाहेर लोकांची रांग आणि आत गोठलेल्या पडद्याकडे बघत बसलेला कारकून. साहेबांनी जबरदस्ती अशी केली नाही. "बघ बाबा, काही जमतंय का," एवढंच म्हणाले. वाटपरावाने मेमरीच्या वापराचे आलेख पाहिले आणि पुराच्या सर्व्हरची अर्धी मेमरी काढून तक्रारींना दिली. पावसाळ्याच्या तोंडावर परत करू, असं मनाशी ठरवलं. रांग सरकू लागली. कारकुनाने खूश होऊन चहा पाजला.

पाऊस त्या वर्षी पावसाळ्याआधीच, न सांगता आला, आणि तोही इथे नाही, वर डोंगरात. दुपारी जेवून वाटपराव खोलीत शिरला, तेव्हा सगळ्या खांबांवरून आकडे एकदम येऊन आदळत होते आणि पुराच्या सर्व्हरचा जीव घुसमटला होता. मेमरी पुरेना म्हणून तो मेमरीहून संथ अशा डिस्कवर काम ढकलत होता आणि हिशेब गोगलगायीसारखा सरकत होता. मेमरी वाढवायची तर सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करावा लागणार, आणि तेवढा वेळ तो आंधळा. साहेबांचा फोन लागेना. मग वाटपरावाने तक्रारींचा सर्व्हर बंद पाडला, पुराचा बंद केला, हात आखडता न घेता मेमरी दिली आणि चालू केला. पडद्यावर एकेक ओळ उमटेपर्यंत तो तिथून हलला नाही.

खालच्या वस्तीत पाणी आधी पोचलं. भोंगा मागून वाजला.

खालच्या वस्तीत त्याची ताई राहायची. आई गेल्यावर तिनेच त्याला लहानाचा मोठा केला होता. पाणी उंबऱ्याशी आलं, तेव्हा भावोजी शेजारच्या अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला उचलायला गेले. पाणी ओसरल्यावर दोघं एकाच खोलीत सापडले.

चौकशी झाली. पाऊसच असा होता की कुणाचं काही चाललं नसतं, असा निष्कर्ष निघाला. साहेबांनी त्याला बाजूला घेतलं. "अहवालात तुझं नाव कुठेच नाही. आणि खरं सांगू? भोंगा वेळेवर वाजला असता, तरी भावोजी म्हातारीसाठी गेलेच असते."

"गेले असते," वाटपराव म्हणाला. "पण तिला घेऊन परत आले असते."

बायकोने विनवलं, "ताईंना सांगू नका. त्यांना आता माहेर म्हणून तुम्हीच उरलात."

रोज कामावरून सुटल्यावर तो ताईच्या घरातला चिखल काढायला जायचा. एका संध्याकाळी ती भिंत घासत होती आणि हा बादली भरत होता. बादली तशीच ठेवून त्याने सांगितलं. मेमरी म्हणजे काय, कुणाची काढली, कुणाला दिली, सगळं.

ताईचा हात थांबला. "असं होईल हे तुला ठाऊक होतं?"

"नाही. पण ठाऊक असायला हवं होतं. तेच माझं काम."

ओल्या भिंतीवरची नजर न काढता ती म्हणाली, "हे सांगितलंस ते कुणाच्या जिवाला बरं वाटावं म्हणून? माझ्या, की तुझ्या?"

त्याने वाकून भरलेली बादली उचलली.

"उद्यापासून येऊ नकोस. माझ्या घरातला चिखल मी काढीन."

तरीही तो दुसऱ्या दिवशी गेला. दाराला आतून कडी होती. बाहेरचं तुंबलेलं गटार मोकळं करून तो परत आला. पुढे ताई घराला कुलूप लावून लेकीकडे राहायला गेली, हेही त्याला शेजाऱ्यांकडून कळलं. कचेरीत त्याने दुसरं काम मागितलं. हे काम दुसऱ्या कुणाला येत नाही म्हणून साहेबांनी ते दिलं नाही. वाटप त्याच्याच गळ्यात राहिलं.

एका सुट्टीच्या सकाळी त्याने धीर करून भाचीला फोन लावला.

"मामा, आई झोपलीये," ती म्हणाली. मागून भांडी घासल्याचा आवाज येत होता, आणि ताईचा खोकला.

"बरं. मग दुपारी करतो."

"नका करू, मामा," भाची हळूच म्हणाली, आणि फोन ठेवला.