रुखमाबाईचे हट्टी आकडे

खरं सांगतो, उभ्या दिग्रसमध्ये मी एकाच माणसावर जळलो. रुखमाबाई बांगड्यावाली! चौथी शिकलेली बाई. डोक्यावर टोपली घेऊन एसटीनं गावोगाव हिंडते, लग्नघरी बायकांच्या हातात बांगड्या भरते. आणि मी नरहर, तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालेला. आता बोला!

ही बाई दहात मोजतच नाही. चार बोटांची बारा पेरं, त्यांवर अंगठा फिरवते. डझन झालं की दुसऱ्या हाताचं एक पेर पुढं.

माझी पुतणी निशिगंधा यवतमाळच्या विज्ञान प्रदर्शनासाठी तक्ता करत होती. विषय मीच दिलेला: मूळसंख्या डझनात लिहिल्या तर कशा दिसतात. माझ्या जुन्या वहीतून तिनं आकडे उतरवले होते. खाली ‘मार्गदर्शक’ म्हणून माझं नाव यावं, एवढीच माझी हाव. रिटायर माणसाला विचारतं कोण?

तेवढ्यात रुखमाबाई आमच्या सुनेला, सुहासिनीला, बांगड्या भरायला आली. पोरीनं कौतुकानं तिला मूळसंख्या समजावली. ती हसली.

“हे त हट्टी आकडे होत, बाई. कितीबी जणीत वाटा, सारखे वाटेच पडत नाहीत. दोन आन् तीन सोड. बाकीचे हट्टी डझनं काढल्यावर एक, पाच, सात नाहीतर अकरावरच थांबतात.”

माझ्या वहीचं पहिलं पान या बाईनं एका दमात म्हटलं! निशिगंधा डोळे विस्फारून तिच्याकडे बघत राहिली. माझ्याकडे तिनं असं कधीच बघितलं नव्हतं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

“मग अकरा डझन अकरा, म्हणजे एकशे त्रेचाळीस?” मी खवचटपणे विचारलं. “तोही अकरावरच थांबतो. हट्टीच ना?”

“नाही जी. हट्टी तिथं थांबतात म्हणून तिथं थांबणारा हरेक हट्टी असते काय? कळंबच्या लग्नात बारा डझनाच्या पेटीतली एक फुटली. तेरा बायका होत्या. एकेकीले अकरा भरल्या, एकही उरली नाही.”

“काहीतरीच!” मी उडवून लावलं. माझ्या वहीत एकशे त्रेचाळीस मूळसंख्या होती, लाल शाईनं गोल केलेली, आणि समोरच्या तक्त्यावरही तशीच उतरलेली.

ती गेल्यावर कागद घेतला. अकरा गुणिले तेरा, एकशे त्रेचाळीस. अकराची कसोटी जन्मभर पोरांकडून घोकून घेतली, आणि स्वतः कधी लावून पाहिली नाही!

तक्त्यावरचा तो आकडा मी गुपचूप खोडला. निशिगंधानं विचारलं, “काका, मार्गदर्शक म्हणून रुखमाबाईचं नाव टाकू?”

“बांगड्यावालीचं? परीक्षक हसतील,” मी म्हणालो. पोर हिरमुसली, पण तिनं माझं नाव लिहिलं. तक्त्याला दुसरा नंबर आला. शाळेत माझा सत्कारही झाला. नारळ घेताना हात जड वाटला, तरी घेतला.

पुढच्या आठवडी बाजारात रुखमाबाईनं मला लांबूनच हाक मारली. आता ही नावाचा विषय चारचौघांत काढणार.

“गुरुजी, पोरीच्या कागदावरून तो एकशे त्रेचाळीस काढला ना? मले तेवढाच घोर लागला होता. पोरीले कोणी चुकीचं म्हणू नये.”

“काढला,” मी म्हणालो.

“बरं झालं,” ती म्हणाली आणि समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात बांगडी चढवू लागली. नावाचं तिनं विचारलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून मी तिच्यावर आणखीच जळतो.