विल्सनची विचारपूस

आमची बटालियन शांतिसेनेत आफ्रिकेतल्या एका देशात जाणार असा हुकूम आला तेव्हा मी हवालदार होतो. देशाचं नाव इथे लिहीत नाही. तिथे अजून आपली माणसं ड्युटीवर आहेत आणि माझा स्वभाव संशयी आहे. आता मी रिटायर होऊन मीरा रोडला सिल्व्हर पार्कात राहतो. कुरियरवाल्याला दारात उभं करून मी इतके प्रश्न विचारतो की बायको आतून ओरडते, हे घर आहे, चेकपोस्ट नाही. तिचं बरोबर आहे. पण सवय जात नाही.

निघण्याआधी आमचे इंग्रजीचे क्लास झाले. शिकवायला एज्युकेशन कोअरचे सुभेदार साहेब होते. त्यांचा धडा तीन भागांचा होता: भेटल्यावर काय बोलायचं, ओळख कशी करून द्यायची आणि निरोप कसा घ्यायचा. ‘गुड मॉर्निंग. आय ॲम हवालदार पाटील, इंडियन बटालियन. मे आय नो युवर नेम?’ काम झालं की ‘थँक यू, गुड डे.’ मोजकं बोला, नीट बोला, हात मिळवा आणि सोडा, असं त्यांचं सांगणं. मला ते पटलं. जास्त बोलणारा माणूस मला आधीपासूनच आवडत नाही.

माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक विल्सन होता. उत्तनजवळच्या पालीचा, कोळ्याच्या घरचा. माझं मूळ घर मुर्ध्याला. उत्तनला जाणारी बस आमच्या दारावरूनच जाते, म्हणून परेड संपली की तो मला दादा म्हणायचा. उत्तनला चर्चच्या शाळेत शिकल्यामुळे त्याचं इंग्रजी चांगलं होतं. सुभेदार साहेबांचा क्लास सुटला की विल्सनचा सुरू व्हायचा. लातूर-साताऱ्याची पोरं त्याच्याकडून ‘हाऊ डू यू डू’ घोकून घ्यायची.

तिथे पोचलो आणि तीन भागांचा धडा पहिल्याच दिवशी कोलमडला. त्या भागात ओळख इतक्या पटकन उरकत नाहीत. माणूस गेटवर येतो, तुमचा हात हातात घेतो आणि सोडतच नाही. रात्री झोप लागली का, आई कशी आहे, बाप कसा आहे, मुलं, भाऊ, गुरं, पाऊस, सगळं विचारून होतं. तुम्हीही त्याला तेच सगळं विचारायचं. तोवर कामाचा शब्द काढायचा नाही. मधेच हात काढून घेणं म्हणजे समोरच्याच्या सगळ्या घराण्याचा अपमान.

आमचा दुभाषी सायमन रोज सकाळी हे सगळं करायचा. माझा त्याच्यावर संशय होता. हा माझ्या घरच्यांची नावं कशाला विचारतो? हात धरून उभा असतो तेव्हा याची नजर आमच्या गाड्यांवर तर नसते? मी त्याला सगळी माहिती खोटी दिली. माझे वडील तेव्हा मुर्ध्याला ठणठणीत होते. मी ते वारले म्हणून सांगून टाकलं. सायमनचे डोळे भरून आले आणि पुढचा आठवडाभर तो रोज माझं सांत्वन करत राहिला. विल्सन तंबूत लोळून हसला. कंपनी कमांडर साहेबांना मी सांगितलं की दुभाष्यावर नजर ठेवायला हवी. ते म्हणाले, “ठेव. पण रोज त्याच्याशी हातही मिळव.”

विल्सनला मात्र या चालीत मजा यायची. तो सायमनला आपल्या आईबद्दल सांगायचा, सुकत घातलेल्या बोंबलांबद्दल सांगायचा, मग सायमनच्या गाईंची एकेक करून चौकशी करायचा. मी घड्याळ बघत उभा राहायचो. कधी कधी मला दोघांचाही राग यायचा.

आमची रोजची ड्युटी म्हणजे निर्वासितांच्या छावणीतल्या बायकांना पाणी आणि सरपण आणायला नेणं. पुढे एक जीप, मधे बायकांचा ट्रक, मागे माझी जीप. रस्ता मातीचा, दोन्ही बाजूंना काटेरी झुडपं. त्या दिवशी पुढच्या जीपमध्ये विल्सन, ड्रायव्हर आणि सायमन होते. परतीच्या वाटेवर, सकाळचं ऊन चढत असताना, माझा वायरलेस सेट बोलला.

“टू, धिस इज वन. समोर बॅरिअर. जाताना नव्हता. युनिफॉर्ममधली माणसं आहेत. एक ऑफिसर पुढे येतोय. ओव्हर.”

“वन, आयडेंटिफाय कर. स्विच दाबून ठेव. ओव्हर.”

त्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं. ऑफिसरचा आवाज स्वच्छ होता. गुड मॉर्निंग, मी कॅप्टन अमुक, पुढे धोका आहे, ट्रक आमच्या ताब्यात द्या, आम्ही सुखरूप पोचवू. रँक, नाव, काम, तीन वाक्यांत. अगदी सुभेदार साहेबांच्या धड्याप्रमाणे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी सरळ बोललं म्हणून मला क्षणभर बरंच वाटलं.

मग विल्सन मराठीत बोलला. आवाज हसरा ठेवून, जणू माझ्याशी गप्पा मारतोय.

“दादा, सायमन बोलतोय, ह्याने कोणाचीच विचारपूस केली नाही. झुडपात मशीनगन दिसतेय. बायकांना मागे घे. ह्याचा हात माझ्या हातात आहे, मी सोडत नाही.”

मला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. त्या भागातला माणूस विचारपूस न करता बोलायला लागला, तर तो बोलायला आलेला नसतो. पहिली गोळी आम्ही झाडायची नाही, असा हुकूम होता. मी माझी जीप मागे घ्यायला लावली आणि ट्रकला हाताने इशारा केला. ट्रक रिव्हर्समध्ये वळणापर्यंत न्यायचा होता. बायकांनी भरलेला जुना ट्रक, मागे बघायला धड आरसा नाही. माझे जवान उतरून वाट दाखवत होते. आणि माझ्या कानाशी विल्सनचं इंग्रजी चालू होतं.

कॅप्टन साहेब, रात्री झोप लागली ना? तुमचे वडील कसे आहेत? आई? माझी आई समुद्राजवळ राहते, मासळी सुकवते. तुमच्याकडे गुरं किती? यंदा पाऊस कसा झाला?

सुरुवातीला कॅप्टन एका शब्दात उत्तर देत होता. मग त्याच्या मागच्या पोरांपैकी कुणीतरी हसलं आणि त्यांच्या भाषेत काही बोललं. सायमनने नंतर मला सांगितलं की ती पोरं त्याच भागातली होती आणि एक परदेशी शिपाई त्यांच्या रीतीने विचारपूस करतोय याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यांच्यासमोर हात हिसकावून घेणं कॅप्टनला जड गेलं. त्याने गाईंचा आकडा सांगितला. धाकट्या भावाचं नाव सांगितलं.

ट्रक वळणाआड गेला. विल्सनने क्षणभर स्विच सोडला तेव्हा मी सेटवर म्हणालो, “वन, ट्रक क्लिअर. बॅक. ओव्हर.”

विल्सन कॅप्टनला म्हणत होता, आईला माझा नमस्कार सांगा. तेवढ्यात कॅप्टनला रस्ता रिकामा दिसला असावा. गोळ्यांचा आवाज आला आणि सेट बंद झाला.

आम्ही फायर देत पुढे गेलो. बटालियनची चिलखती गाडी आली तेव्हा ते लोक पळाले होते. ड्रायव्हरच्या मांडीत गोळी होती. सायमनने त्याला जीपखाली ओढून घेतलं होतं आणि दुसऱ्या हाताने विल्सनचा पट्टा धरला होता. विल्सन संपला होता. त्या दिवशी मी सायमनला माझ्या घरच्यांची खरी नावं सांगितली.

पालीत मात्र वेगळीच गोष्ट पोचली. हात मिळवताना गोळी लागली, एवढंच कुणीतरी ऐकलं आणि पुढचं मासळीबाजारात तयार झालं. शिपाईगडी दुश्मनाशी दोस्ती करायला गेला, गाफील राहिला आणि मेला. पुष्पचक्र घेऊन आलेल्या साहेबांनी ‘शौर्य’ हा शब्द वापरला. त्यावर तर विल्सनच्या आईचा संशय अजूनच वाढला. मोठे शब्द झाकायलाच वापरतात, असं तिला वाटत होतं.

सुट्टीवर आल्यावर मी पालीला गेलो. गल्लीत स्कूटर जाईना, म्हणून बाहेर लावली. विल्सनची माय अंगणात बसली होती. तिने मला बस म्हटलं नाही.

“तू व्हतास ना तिथं?”

“व्हतो, माय.”

“मग खरा सांग. साहेबान शिकवलेला नको. त्यान बंदूक का न्हाय उचलली?”

मी सगळं सांगितलं. बायकांचा ट्रक, झुडपातली मशीनगन, विचारपूस करायची रीत. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी चौकशीत अधिकाऱ्यांसमोर बसलो होतो, तेव्हाही मला इतकी भीती वाटली नव्हती. हिने विश्वास ठेवला नाही तर विल्सन त्याच्याच गावात कायमचा गाफील ठरणार होता.

“किती वेल धरला हात?” तिने विचारलं.

चौकशीत मी मिनिटं सांगितली होती. तिच्यापुढे ती सांगावीशी वाटेनात. मी तिचा हात हातात घेतला आणि विचारलं, रात्री झोप लागली काय, माय? तिने हात ओढून बघितला. मी सोडला नाही. थोरला कसा हाय? सून? नातवंडं? होडी दुरुस्त झाली काय? यंदा बोंबील कसा मिळाला? मग ती म्हणाली, थोरला बरा हाय. सुनेची कंबर दुखते. बोंबील कमीच. मी विचारत राहिलो, ती सांगत राहिली. शेजारची एक बाई दाराशी येऊन उभी राहिली. मायने एकही उत्तर चुकवलं नाही.

माझे प्रश्न संपले. हात तसाच होता.

“पोचल्या काय त्या बायका?” तिने विचारलं.

“सगळ्या पोचल्या, माय.”

“मग सोड आता,” ती म्हणाली.