कॅल्शियमच्या बाटलीतल्या गोळ्या

तमाम रसिकजनांना, विशेषतः माझे किस्से ऐकताना ज्यांनी अंगावर चहा सांडून घेतला आहे त्यांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की माझा सर्वांत गाजलेला किस्सा अपुरा आहे. त्याचा उरलेला भाग मी आजवर कोणालाच सांगितलेला नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी न घडलेल्या गोष्टीसुद्धा सांगतो.

गाजलेला भाग असा. माझ्या धाकट्या भावाला, सतीशला, रक्ताचा कॅन्सर झाला. दुसऱ्या कोणाच्या तरी मूळपेशी हव्या होत्या, माझ्या जुळल्या. माझ्या हातातून रक्त यंत्रात, यंत्रातून पेशी पिशवीत, पिशवीतून त्याच्या अंगात — आणि भाऊ वाचला! पुढे त्याचा रक्तगटसुद्धा बदलून माझा झाला. आता असला ऐवज हाती लागल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसेल?

विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीच्या गणपतीत आम्हा दोघांचा सत्कार ठरला. भाषण मी नीट बसवलं. सुयांवर पहिला हशा, रक्तगटावर दुसरा. मग आवाज खाली आणून मी म्हणायचं, ‘तो भाऊ आज इथंच बसलाय’ — की सतीशनं मागच्या रांगेतून उठून, ताठ चालत मंचावर यायचं. बायका डोळे पुसायच्या. पुरुष चष्मे पुसायचे. शेजारच्या मंडळानं बोलावलं, मग त्याच्या शेजारच्यानं.

पण सतीशचे गुडघे दुखत होते. उठताना चेहरा पिळवटायचा. ‘दादा, आज तू एकटाच जा ना,’ म्हणायचा. एकटा? त्याच्याशिवाय त्या भाषणात उरत काय होतं — एक मधुमेही गृहस्थ आणि त्याला टोचलेल्या सुया?

डॉक्टर बाईंनी घरी सोडतानाच बजावलं होतं. ह्या उपचारानंतर किडन्या नाजूक होतात, त्यांच्यावर आधीच औषधांचा मारा असतो; विचारल्याशिवाय दुखण्यावरची एकही गोळी द्यायची नाही. मी ऐकलं नव्हतं, असं म्हणू? ऐकलं होतं. इतकं नीट ऐकलं होतं की घरी सगळ्यांना त्यांच्या आवाजाची नक्कल करून म्हणून दाखवलं होतं.

आणि तरीही — कसं लिहू हे? माझ्या कंबरदुखीच्या गोळ्या कपाटात होत्या. त्या मी पाकिटातून फोडल्या, कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरल्या आणि सतीशला म्हटलं, ‘डॉक्टरांना विचारलंय. हाडांसाठी आहेत.’ त्यानं झाकणसुद्धा निरखून पाहिलं नाही. भाऊच देतोय म्हटल्यावर पाहायचं कशाला? गणपती गेले, नवरात्र आलं, कोजागिरीचं दूध झालं. तो चालत येत राहिला. टाळ्या? होत्या की. मला फार आवडायच्या.

मग त्याचे पाय सुजले. तपासणीत किडन्या मंदावल्याचं निघालं. डॉक्टरांचा संशय वेगळ्याच औषधावर गेला — माझ्या पेशींनी त्याच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून दिलेल्या. ते त्यांनी कमी केलं. आणि माझ्याच पेशी त्याच्या अंगावर उठल्या. कातडी सोलून निघाली. गोळ्या मी पाय सुजले तेव्हाच गुपचूप थांबवल्या होत्या. किडन्या काही परतल्या नाहीत.

आता तो डायलिसिसला जातो. मी शेजारी बसून किस्से सांगतो, तो हसतो, आणि पाणी मोजूनच प्यायचं असल्यामुळे तहान लागली की ओठांवरून बर्फाचा खडा फिरवतो. मी माझी किडनी देऊ केली. माझ्या साखरेमुळे ती कोणी घेतली नाही. मला द्यायला आता काही उरलेलंच नाही.

हे सगळं नेमकं कशामुळे झालं, असं मी एकदा आडून विचारलं. केमो, रेडिएशन, औषधं, मधला संसर्ग — डॉक्टर म्हणाल्या, एकाकडे बोट दाखवता येणार नाही. त्या वाक्याच्या आडोशाला मी वर्षानुवर्षं बसलो आहे. त्या यादीत माझ्या गोळ्या नव्हत्या. असणार कशा?

पण सांगायची वेळ आली नव्हती, असं नाही. पाय सुजल्यावर आम्ही तपासायला गेलो, त्याच दुपारी डॉक्टरांनी स्पष्ट विचारलं होतं — दुखण्यावरची एखादी गोळी दिलीत का? त्या क्षणी सांगितलं असतं तर ते दुसरं औषध बहुधा कमी झालं नसतं. मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण सतीशच्या बायकोला, माधुरीला, तो प्रश्नच झोंबला; माझ्याकडे बोट करून ती एकदम बोलून गेली,

“अहो डॉक्टर, भलतंच काय विचारताय! आमचे दादा असताना ह्यांच्या पोटात चुकीची गोळी जाईलच कशी?”