चाचांच्या खिशातली तार
परवा मी शिकवते त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत रिवाइंडिंग होऊन, म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळून आलेली मोटर उघडली, आणि वार्निशच्या वासासरशी मी दिग्रसच्या त्या कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये जाऊन उभी राहिले. कापसाचे ऐन हंगामाचे दिवस होते. फाटकाबाहेर गाड्यांची रांग, हवेत तरंगणारी रुई, आणि नुकतीच पदविका घेतलेली मी तिथल्या मोठ्या मोटरला इलेक्ट्रॉनिक स्टार्टर बसवायला आलेली. दुपारी आसपासच्या शेतांतले पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज उतरायचं आणि कमी व्होल्टेजवर मोटर जळू नये म्हणून माझा स्टार्टर ती बंद करायचा. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा मालक म्हणाले, "पोरी, तुह्या या डब्यापेक्षा जुनं बरं होतं." मी रडकुंडीला आले. मोटर बंद करणारं स्टार्टरचं संरक्षणच तार जोडून बाद करून टाकावं म्हणून मी तारेचा तुकडा सोलला. शेजारी गावातले रिवाइंडिंगवाले चाचा उभे होते. ही मोटर दर हंगामात जळायची आणि त्यांच्याच दुकानात दुरुस्तीला जायची. त्यांनी माझ्या हातातली तार काढून घेतली आणि सदऱ्याच्या खिशात टाकली. "बेटी, हे बिघडलं नाही. मोटर वाचवून राह्यलं. पंप बंद होऊ दे." मालकांनाही त्यांनीच थांबवलं. संध्याकाळी पंप बंद होऊन व्होल्टेज चढलं, मोटरने हळूहळू वेग घेतला, आणि चाचांनी ती तापत तर नाही ना हे तिच्यावर तळहात ठेवून पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. त्या हंगामात ती मोटर त्यांच्या दुकानात एकदाही गेली नाही. मी मात्र माझ्या स्टार्टरचं कौतुक सगळ्यांना सांगत फिरले. चाचांचे आभार मानायचे राहिले, हे परवा त्या वासात आठवलं.