ट्रेंटनमधले मध्यंतर

विधिमंडळापुढे साक्ष द्यायला या, असे निमंत्रण आले तेव्हा शरयू टेंभेकरांनी आधी देवापुढे निरांजन लावले आणि मगच ‘येते’ म्हणून कळवले.

शरयूताई मूळच्या नागपूरच्या. वडिलांच्या मागे झांज धरून उभे राहता राहता कीर्तन शिकल्या, लग्नानंतर न्यू जर्सीत वेस्ट विंडसरला आल्या. इथे मंदिराचा सभामंडप कुठला? म्हणून स्वतःची एक छोटी वेबसाइट उघडली आणि दर गुरुवारी संध्याकाळी तिथूनच कीर्तन सुरू केले. मुलांकडे येऊन राहिलेले, घरात एकटे पडलेले कितीतरी वृद्ध त्या स्वराला कान लावून बसू लागले. राज्याच्या दक्षिण टोकाला राहणारे त्र्यंबककाका त्यांतलेच. दृष्टी गेलेली, उरले ते कान, आणि कानांत नाम.

पण काकांच्या भागातल्या इंटरनेट कंपनीने नवी तऱ्हा सुरू केली. तिचे स्वतःचे सिनेमे सुसाट धावत. स्वस्त प्लॅनवर लहान वेबसाइटी मात्र रखडत. कीर्तन तुकड्या-तुकड्यांनी पोहोचू लागले. आख्यान रंगात यावे आणि आवाज गळावा!

“अशी अडवणूक करायची नाही, असा देशभराचा फेडरल नियम होता आई,” कायदा शिकणाऱ्या नेत्राने समजावले. “कोर्ट म्हणालं, ज्या कमिशनने तो केला, त्याला तसा अधिकारच नाही. आता वॉशिंग्टनच्या संसदेने, काँग्रेसने, कायदा करावा, नाहीतर राज्यांनी. आपल्या राज्यात बिल आलंय. तू हिअरिंगला बोल.”

“मी? माझं इंग्लिश ऐकून पळतील ते.”

“तुझा आवाज ऐकून माइकच पळेल. पण डायरेक्ट काकांची गोष्ट सांग हं. तीनच मिनिटं असतात.”

राजधानी ट्रेंटनच्या विधानभवनाच्या सोनेरी घुमटाखाली शिरताना शरयूताईंनी उंबऱ्याला हात लावून तो कपाळी नेला. पहारेकरी हसला; त्यांनी त्यालाही नमस्कार केला. केवढे हे घर! आणि काल या देशात आलेल्या बाईलाही इथे खुर्ची!

आधी कंपन्यांचा वकील बोलला. “इंटरनेटची तार राज्याच्या सीमेवर थांबत नाही. पन्नास राज्यांनी पन्नास नियम केले, तर आम्ही कोणाचा पाळायचा? हा विषय वॉशिंग्टनचा आहे.”

शरयूताईंनी मान डोलावली. नेत्राने कोपराने ढोसले. “आई, तो आपल्या विरुद्ध आहे!”

“असेल गं. पण मांडलं सुरेख.”

मग त्यांचे नाव पुकारले गेले. गोष्टीपासून सुरुवात करायची, हे घोकून झाले होते; पण जन्माची शिस्त जिभेवर आधी आली. त्यांनी कमिटीच्या अध्यक्षबाईंना वंदन केले, सदस्यांना केले, वकिलालाही केले. मग पूर्वरंग धरला: आवाज हे दान आहे, ऐकणाऱ्याची ऐपत पाहून ते पातळ करू नये, यजमानाने पंगतीत भेद करू नये… शब्दामागून शब्द आणि लयीमागून लय. समोरचा लाल दिवा लागला.

“धन्यवाद,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

कीर्तनात पूर्वरंग संपला की मध्यंतर होते. कीर्तनकाराला हार घालतात, बुक्का लावतात आणि मग तो आख्यानाला उभा राहतो. शरयूताईंनी हात जोडले, मान किंचित झुकवली आणि त्या तशाच उभ्या राहिल्या.

“बाई, तुमची वेळ संपली.”

“हो, पूर्वरंग झाला. हार घातलात की गोष्ट सांगते.”

सभागृहात हशा पिकला. नेत्राने तोंड ओंजळीत लपवले. तेव्हा कुठे शरयूताईंच्या ध्यानात आले, आणि कानशिले तापली. गेली संधी! काकांचे नावही घेतले नाही!

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून ठेवला. “हार नाही आमच्याकडे. पण साक्षीदाराला प्रश्न विचारायचा अधिकार आम्हाला आहे. माझा प्रश्न असा: गोष्ट काय आहे?”

काय सांगावे त्या क्षणाचे नवल! शरयूताईंनी जोडलेले हात सोडले आणि आख्यान सुरू केले.

“आमच्याकडे आरती होईपर्यंत कीर्तनातून उठत नाहीत. त्या गुरुवारी आवाज बंद पडला. त्र्यंबककाकांना दिसत नाही. त्यांना वाटलं, मध्यंतर असेल. सून अबोली हॉस्पिटलची ड्यूटी करून आली, तर काका हात जोडून बसलेले. पाण्याचा घोटही घेतला नव्हता. म्हणाले, अजून आरती व्हायची आहे. त्यांनी कीर्तन सोडलं नाही हो. त्यांनी दाद मागायची ती कुठल्या दारी?”

अध्यक्षबाई वकिलाकडे वळल्या. “सांगा, कुठल्या?”

“काँग्रेसच्या,” तो शांतपणे म्हणाला. “तोवर राज्यांचा अधिकार किती, हे न्यायालयं ठरवतील. पण मला त्या गृहस्थांचं वाईट वाटतं, हे मनापासून सांगतो.”

मतदान झाले. एक सदस्य म्हणाले, “बाई, तुमची गोष्ट विसरणार नाही, तरी हे काम वॉशिंग्टनचंच,” आणि त्यांनी विरोधात मत दिले. बाकीच्यांच्या मतांनी विधेयक पुढे सरकले.

“नुसतं कमिटीत पास झालंय हं,” गाडीत बसताना नेत्रा म्हणाली. “अजून दोन्ही सभागृहं, गव्हर्नर, मग कोर्टात चॅलेंज.”

शरयूताई घुमटाकडे पाहत राहिल्या. एवढे बलाढ्य राज्य, आणि आपलीच सत्ता वॉशिंग्टन आणि ट्रेंटन अशा दोन ओंजळींत वाटून घेऊन विचारते, यातले कुठले माझे, कुठले तुझे? आणि त्या विचारात थांबून एका आंधळ्या म्हाताऱ्याचे ऐकते! डोळे भरून आले. त्यांनी काकांच्या घरच्या जुन्या लँडलाइनवर फोन लावला.

“कायदा झाला का गं, शरयू?”

“नाही काका. पहिली पायरी चढलो.”

“बरं. मग राहिलेलं आख्यान कधी सांगतेस?”

“फोनवर ऐकाल?”

“न ऐकायला काय झालं? कान शाबूत आहेत माझे.”

“फोनवर कुणी भेदभाव करायचा नाही, हा नियम फार जुना आहे, आई,” नेत्रा हळूच म्हणाली आणि तिने स्टिअरिंगवर ठेका धरला.

“तबल्यावर कोण आहे? घाई करतंय,” काका म्हणाले.

शरयूताई हसल्या, पदर सावरला आणि पार्किंग लॉटमध्येच त्यांनी स्वर लावला. गजर झाला तेव्हा पलीकडून काकांची टाळी ऐकू येत होती, एकदाही न तुटता.